इंजेक्शन नाही, पण यंत्र नाकारता येतं: इच्छामरणाचा कायदा कोकणातल्या घरासाठी

२० जून २०२५ ला ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्सने इंग्लंड आणि वेल्ससाठीचं एक विधेयक ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर केलं. बरा न होणारा आजार असलेल्या, थोडेच महिने उरलेल्या माणसाला स्वतःचं आयुष्य संपवण्यासाठी डॉक्टरची मदत घेता यावी, असं ते विधेयक. अशी बातमी आली की कोकणातल्या घरांतून, विशेषतः जिथे दोघंच म्हातारी माणसं आहेत आणि मुलं डोंबिवली-विरारला आहेत तिथून, एक प्रश्न हमखास येतो: आपल्याकडे हे कधी होणार?

त्या प्रश्नाच्या पोटात बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी असतं. "मला विषाचं इंजेक्शन द्या" असं फार थोडे म्हणतात. "मला नळ्या लावून महिनोन्महिने पाडून ठेवू नका" असं म्हणणारे पुष्कळ. हे दुसरं मागणं भारतात आजच कायदेशीर आहे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट बघायला नको. एक कागद करावा लागतो, आणि तो वेळेवर योग्य हातात पोचावा लागतो.

एका नावाखाली तीन गोष्टी

वर्तमानपत्रं "इच्छामरण" म्हणतात तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली, रुग्णाच्या विनंतीवरून डॉक्टर स्वतः प्राणघातक औषध टोचतो. याला सक्रिय दयामरण म्हणतात. दुसरी, डॉक्टर औषध लिहून देतो आणि रुग्ण ते आपल्या हाताने घेतो. तिसरी, जगवून ठेवणारे उपचार सुरूच करायचे नाहीत किंवा सुरू असले तर थांबवायचे, आणि आजाराला त्याच्या गतीने जाऊ द्यायचं. याला आतापर्यंत निष्क्रिय दयामरण म्हणत आले. "उपचार थांबवणं" हे त्याहून सरळ नाव आहे, तेच इथे वापरतो.

भातशेतीच्या मेरेवर दगड लावून पाणी अडवलेलं असतं. दगड काढला की पाणी आपल्या उताराने निघून जातं, त्याला कुणी ढकलत नाही. व्हेंटिलेटर काढणं हे दगड काढण्यासारखं आहे. उतार आजाराचा, तो आधीपासूनच तिथे होता.

भारतात पहिल्या दोन्ही गोष्टी गुन्हा आहेत. रुग्णाने हात जोडून मागितलं तरी इंजेक्शन देणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ च्या पाचव्या अपवादाने तो "खून" ठरत नाही इतकंच, शिक्षा चुकत नाही. औषध आणून देणाऱ्यावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचं कलम १०८ लागू शकतं, त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आहे. तिसरी गोष्ट मात्र अधिकार आहे.

हा अधिकार आला कुठून

त्याची मुळं आपल्याच किनारपट्टीवर पोचतात. अरुणा शानबाग उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरच्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला त्यांच्यावर हल्ला झाला, साखळीने गळा आवळला गेला, मेंदूचा प्राणवायू तुटला. पुढची जवळजवळ ४२ वर्षं त्या तिथल्या एका खाटेवर होत्या आणि परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. त्यांना भरवणं थांबवावं, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ मार्च २०११ ला न्यायालयाने ती नाकारली. ज्यांनी इतकी वर्षं सेवा केली त्यांचा विरोध आहे, हे एक मोठं कारण. पण त्याच निकालात उपचार थांबवण्याची वाट, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, पहिल्यांदा उघडली. अरुणाताई १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने गेल्या.

पुढे ९ मार्च २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की सन्मानाने मरणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि माणूस शुद्धीत असताना याबद्दल आगाऊ लिहून ठेवू शकतो. हेच ते लिव्हिंग विल. पण प्रक्रिया इतकी किचकट ठेवली होती, सही थेट न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, की ती कुणी वापरेना. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानेच ती सोपी केली. आज लागू आहे ती ही सुधारित पद्धत. ३१ मे २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातले न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं, गोव्यातलं ते पहिलं.

"नळ्या नकोत" म्हणजे नेमकं काय नको

इथे बहुतेक कागद फसतात. "मला त्रास देऊ नका" एवढंच लिहिलेलं असेल तर रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरला त्यातून काहीच कळत नाही. त्याला चार गोष्टींबद्दल स्पष्ट उत्तर हवं असतं.

हृदय थांबलं तर छाती दाबून ते चालू करायचं का? मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबावं लागतं. अचानक झटका आलेल्या, एरवी धडधाकट माणसाला याने नवं आयुष्य मिळतं. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या ऐंशी वर्षांच्या माणसाच्या फासळ्या मोडतात, आणि हृदय चालू झालंच तरी आजार जिथल्या तिथे असतो.

व्हेंटिलेटर लावायचा का? घशातून श्वासनलिकेत नळी जाते, बोलता येत नाही, बहुधा झोपेचं औषध द्यावं लागतं, नळी ओढू नये म्हणून काही ठिकाणी हात बांधतात. न्यूमोनियासारख्या बऱ्या होणाऱ्या आजारात तो थोडे दिवस लावून माणूस चालत घरी येतो. म्हणून "कधीच नको" लिहिण्यापेक्षा "आजार बरा होण्यासारखा असेल तर ठरावीक दिवस लावून बघा, सुधारणा नसेल तर काढा" असं लिहिणं शहाणपणाचं.

डायलिसिस करायचं का? आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. वाडीतून तालुक्याला जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. आणि चौथी गोष्ट, नाकातून किंवा पोटातून नळीने अन्न. तिच्याबद्दल पुढे स्वतंत्र सांगतो, कारण घराघरांत भांडण होतं ते तिच्यावरूनच.

कागद करायचा कसा

वय १८ पूर्ण आणि बुद्धी शाबूत, एवढीच पात्रता. वकील लागतोच असं नाही. निकालाने ठरावीक छापील नमुना दिलेला नाही. मराठीत लिहिलं तर घरच्यांना आणि ग्रामसेवकाला वाचता येतं. बाहेरगावच्या रुग्णालयासाठी इंग्रजी भाषांतर जोडून ठेवावं.

कागदात परिस्थिती लिहा: मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसेन आणि बरं होऊन माणसं ओळखण्याच्या स्थितीत येण्याची वाजवी आशा नसेल, तेव्हा. मग वरच्या चार उपचारांबद्दल एकेक ओळ. वेदना, धाप आणि अस्वस्थपणावरचं औषध मात्र थांबवू नये, हे ठळक लिहा. याचे परिणाम मला समजले आहेत आणि मी हे दबावाशिवाय लिहितोय, हेही लिहा.

मग तुमच्या वतीने बोलणाऱ्यांची नावं आणि फोन. २०२३ च्या बदलाने एकापेक्षा जास्त नावं देता येतात, आणि कोकणात द्यावीतच. एकटा मुंबईचा मुलगा लिहिला, आणि पावसाळ्यात वाडीत रेंज नाही किंवा तो लोकलच्या गर्दीत आहे, तर कागद असून नसल्यासारखा. एक नाव जवळचं हवं: गावात राहणारी पुतणी, शेजारी राहणारे निवृत्त गुरुजी, कुणीही, ज्याला तुमचं मन माहीत आहे आणि जो डॉक्टरसमोर ठामपणे बोलेल. धाकटा भाऊ प्रेमळ असतो पण ऐन वेळी "काय वाटेल ते करा डॉक्टर" म्हणून रडायला लागतो. त्याचं नाव यात घालू नये.

सही दोन साक्षीदारांसमोर, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे. साक्षीदार शक्यतो नात्याबाहेरचे असावेत. आमचा आग्रह असा की ज्याचं नाव तुमच्या सातबाऱ्यावर आहे त्याला साक्षीदार करूच नका. सामाईक जमिनीत पुढे कोण काय म्हणेल सांगता येत नाही.

प्रती कुठे द्यायच्या हे सगळ्यात महत्त्वाचं. एक, नावं दिलेल्या प्रत्येकाला. एक, नेहमीच्या डॉक्टरांना. एक, ग्रामपंचायत, नगरपंचायत किंवा नगरपालिकेला. स्थानिक संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याने ती जपून ठेवण्यासाठी माणूस नेमायचा असतो, त्याला अभिरक्षक म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाल्यावर महाराष्ट्राच्या शहरी संस्थांत असे अभिरक्षक नेमले गेले. ग्रामपंचायतीत गेलात तर समोरच्याने हे नाव पहिल्यांदाच ऐकलं असण्याची शक्यता मोठी आहे. वाद घालू नका. एका ओळीचा अर्ज जोडा, सोबत २४ जानेवारी २०२३ च्या निकालाचा उल्लेख करा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊन या.

आणि एक प्रत घरात, औषधांच्या डब्यातच. मृत्युपत्रासोबत ट्रंकेत ठेवलेलं लिव्हिंग विल बाराव्यानंतर सापडतं. ही दोन कागदपत्रं वेगळी आहेत, एकात मिसळू नका.

विचार बदलला तर लेखी रद्द करता येतं, केव्हाही, कितीही वेळा. आणि तुम्ही शुद्धीत आहात, बोलू शकता, तोवर हा कागद लागूच होत नाही. तेव्हा तुमचा शब्दच चालतो. डायलिसिस नको असं शुद्धीतल्या माणसाने समजून-उमजून सांगितलं तर त्याला कुठलं मंडळ लागत नाही.

रुग्णालयात पुढे काय होतं

कागद दाखवल्यावर रुग्णालय तो खरा असल्याची खात्री करतं. मग पहिलं वैद्यकीय मंडळ बसतं: उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयाचे किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांनी होकार दिला की दुसरं मंडळ: जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. तुम्ही नावं दिलेल्या माणसांची संमती घ्यायची. शेवटी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. कळवायचं फक्त, परवानगी मागायची नाही. मंडळ नाही म्हणालं तर उच्च न्यायालयात जाता येतं.

कागद केलेलाच नसेल तरी हीच वाट घरच्यांच्या संमतीने खुली आहे. पण मग चार भावंडांचं एकमत लागतं, आणि ते आयसीयूच्या दारात होणं किती कठीण, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको.

दोन्ही मंडळांचे मिळून किमान सहा डॉक्टर. तालुक्याच्या छोट्या रुग्णालयात एवढे मिळत नाहीत. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातो, रत्नागिरीतला घाट चढून कोल्हापूरला किंवा थेट मुंबईला. बांबोळीला म्हणजे दुसऱ्या राज्यात. तुमचा कागद तिथेही तितकाच चालतो, कारण हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे आणि तो देशभर लागू आहे. म्हणूनच मूळ प्रत रुग्णाबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये गेली पाहिजे.

"आमी घराक व्हरतंव"

आयसीयूच्या बाहेर हे वाक्य रोज ऐकू येतं. पैसे संपलेले असतात, आशाही संपलेली असते, आणि आपल्या माणसाने शेवटचा श्वास आपल्या घरात घ्यावा ही इच्छा असते. मग "वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध नेत आहोत" अशा कागदावर सही होते. सगळे मानतात की सही झाली म्हणजे सुटलो.

इथे घात होतो. ही सही म्हणजे उपचार थांबवण्याची कायदेशीर प्रक्रिया नव्हे. रुग्णालय हात काढून घेतं, त्यामुळे वेदनेचं औषध, धापेवरचं औषध, घरी काय करायचं याची समज, काहीच सोबत येत नाही. ऑक्सिजन ॲम्ब्युलन्सपुरता. मग महामार्गावर किंवा घाटात माणूस धापा टाकत जातो, आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून ते चित्र कधी पुसलं जात नाही.

घरी न्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना एवढंच सांगा: "आम्हाला यंत्र नको आहे, पण आराम हवा आहे. घरी द्यायची औषधं लिहून द्या." या आराम देणाऱ्या उपचाराला उपशामक उपचार म्हणतात. त्यातलं मुख्य औषध मॉर्फिन. तोंडाने घ्यायची गोळी असते, तीव्र वेदनेत साधारण ५ ते १० मिलिग्रॅमपासून दर चार तासांनी, म्हाताऱ्या किंवा मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णाला त्याहून कमी. मात्रा डॉक्टरच ठरवणार. सोबत रेचक पहिल्या दिवसापासून लागतं, नाहीतर बद्धकोष्ठाने रुग्ण हैराण होतो आणि घरचे गोळीच बंद करतात. "मॉर्फिन दिलं म्हणजे संपवलं" ही समजूत चुकीची आहे. वेदनेच्या मापाने हळूहळू वाढवलेलं मॉर्फिन मरण आणत नाही, धापही कमी करतं. २०१४ मध्ये अमली पदार्थांचा कायदा बदलून मान्यताप्राप्त रुग्णालयांना ते ठेवणं सोपं केलं गेलं. तरी तालुक्याच्या औषध दुकानात ते मिळत नाही, म्हणून निघण्यापूर्वीच घ्या.

"अन्न-पाणी बंद म्हणजे उपाशी मारणंच ना?"

सगळ्यात प्रामाणिक आक्षेप हाच आहे. पेज भरवणं ही आपल्याकडे सेवेची शेवटची खूण, ती सोडवत नाही.

पण मरणाजवळ आलेलं शरीर अन्न मागणं आधीच बंद करतं. भूक जाते, मग तहान जाते, मग गिळण्याची ताकद. अशा माणसाला नळीने भरत राहिलं तर अन्न पचत नाही, पाय सुजतात, छातीत पाणी साचून घरघर वाढते. चमच्याने पेजेचं निवळ घातलं तर ते अन्ननलिकेत जाण्याऐवजी श्वासनलिकेत उतरतं. ठसका लागतो, किंवा ठसका येण्याइतकीही ताकद नसते आणि न्यूमोनिया होतो. गंगाजळ-तुळशीचंही तसंच: चमचाभर ओतू नका, बोट बुडवून ओठांना लावा. दर दोन तासांनी ओल्या मऊ फडक्याने तोंड आतून पुसा, ओठांना साजूक तूप लावा, कूस बदलून डोकं थोडं उंच ठेवा. जीभ ओली राहिली की तहानेची तगमग राहत नाही. शुद्धीत असलेल्याने मागितलं तर घोटभर द्यावंच, बसवून.

वर्षानुवर्षं बेशुद्ध, पण मरणाजवळ नसलेल्या रुग्णाची नळी ही वेगळी आणि कठीण बाब आहे. तिथे नळी हा उपचार की भरवणं, यावर डॉक्टर आणि न्यायालयंही झगडली आहेत. म्हणून तुमची इच्छा कागदात स्पष्ट हवी.

"मुलं इस्टेटीसाठी करतील"

ही भीती खोटी नाही. म्हणून तर दोन मंडळं आहेत, आणि त्यात घरचं कुणी नाही. मुलगा कितीही म्हणाला तरी बरा होऊ शकणाऱ्या बापाचं यंत्र त्याच्या सहीने निघत नाही. आज जे चाललंय, म्हणजे कागदाशिवाय, मंडळाशिवाय, एका सहीवर रुग्ण घरी, त्यात हा गैरवापर कितीतरी सोपा आहे.

उलट भीतीही असते: यंत्र काढलं तर पोलीस येतील. पूर्ण प्रक्रिया पाळली, नोंदी ठेवल्या, तर डॉक्टर आणि नातेवाईक दोघांनाही निकालाचं संरक्षण आहे.

"जीव देवाने दिला, देवच नेईल"

देव नेत असताना अडवून धरायचं का, हाही प्रश्न त्याच श्रद्धेतून विचारता येतो. पेण तालुक्यातल्या गागोदे गावात जन्मलेल्या विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध नाकारलं आणि १५ तारखेला देह ठेवला. रत्नागिरीत तेरा वर्षं स्थानबद्ध राहिलेल्या सावरकरांनीही फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न-औषध सोडलं. या दोघांचे विचार दोन टोकांचे होते. जैनांच्या सल्लेखनेला, म्हणजे मरेपर्यंत उपवास करण्याच्या व्रताला, २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. परंपरा एका सुरात बोलत नाही, म्हणून ज्याने-त्याने आपलं ठरवावं. आणि ज्याला शेवटपर्यंत सगळे उपचार हवे आहेत त्यानेही तसं लिहून ठेवावं. तोही त्याचा तितकाच अधिकार आहे.

एक गोष्ट मात्र यापासून पूर्ण वेगळी ठेवा. एकटेपणाने, मन खचल्याने "मला आता जगायचं नाही" असं कुणी म्हणत असेल तर ते लिव्हिंग विलचं प्रकरण नाही. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

मग इंजेक्शनला मुभा का नको?

नेदरलँड्स आणि बेल्जियमने २००२ मध्ये दिली, कॅनडाने २०१६ मध्ये, स्पेनने २०२१ मध्ये. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये १९९७ पासून डॉक्टर औषध लिहून देतो आणि रुग्ण ते स्वतः घेतो. सहा महिन्यांहून कमी आयुष्य असल्याचं दोन डॉक्टरांनी सांगावं लागतं. मागणी करणाऱ्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. ज्याला यंत्रच लावलेलं नाही, स्नायू एकेक करून निकामी होताहेत आणि बुद्धी लख्ख आहे, त्याला "काढण्यासारखं काही नाही, सोसत राहा" असं आपला कायदा सांगतो. उपशामक उपचारांनी प्रत्येक यातना जाते असंही नाही.

तरीही आमचं मत आज विरुद्ध आहे. कॅनडाने २०२१ मध्ये मरणासन्न नसलेल्यांनाही ही वाट खुली केली, तेव्हा अपंगांच्या संघटनांनी विरोध केला तो याच भीतीने, की आधार देण्यापेक्षा मरण देणं स्वस्त पडेल. जिथे मॉर्फिनच्या गोळीसाठी शंभर किलोमीटर जावं लागतं, जिथे आजी "पोरांका त्रास नको" म्हणून दुखणं लपवते, तिथे तिने इंजेक्शन मागितलं तर ती निवड तिची म्हणायची कशी? आधी वेदना थांबवण्याची सोय हवी.

तिची मागणी गावातून करता येते. पुढच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा: पंचायतीने लिव्हिंग विल स्वीकारण्यासाठी नोंदवही ठेवावी आणि जबाबदार माणूस नेमावा, आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मॉर्फिन व ते देणारा प्रशिक्षित डॉक्टर असावा. दुसऱ्या ठरावाची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा, आणि तिच्यावरही आवक क्रमांक घ्या.